परदेशात पोट बिघडलं, तर फोनवर काय विचाराल?

माझ्या रूममेटला रेस्टॉरंटमधून जेवून आल्यावर रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. तिच्या आईचा फोनवर पहिला प्रश्न होता, "बाहेर काय खाल्लंस?" काळजी खरीच. पण ज्यांची मुलं लांब राहतात त्यांना मनापासून सांगते, आधी विचारा, "लघवी शेवटची कधी झाली? पोटात पाणी ठरतंय का?"

कारण जिवाला धोका बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे होतो. तेव्हा औषध म्हणजे ओआरएस, म्हणजे साखर-क्षार घातलेलं पाणी. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पाजायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाच्या अशाच पाण्यावर कॉलराचे रुग्ण वाचवले होते. इतकं साधं, पण इतकं मोलाचं!

जुलाबात रक्त, खूप ताप, उभं राहिल्यावर चक्कर, लघवी जवळपास बंद, यातलं काहीही दिसलं की थेट डॉक्टर. रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नये. गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर वाट बघूच नये.

आता रेस्टॉरंटचं. शेवटच्या जेवणावर संशय जातो, पण वेळेचा हिशेब वेगळंच सांगू शकतो. स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं विष खाल्ल्यापासून अर्ध्या तासापासून आठ तासांत त्रास देतं. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात, कॅम्पायलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस, आणि साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. म्हणून आम्ही रूममेटच्या आधीच्या काही दिवसांतल्या जेवणाची यादी केली, सोबत कोण जेवलं आणि त्यांची तब्येत कशी आहे तेही लिहिलं. डॉक्टरांनी सर्वांत आधी तीच मागितली. नक्की कारण शौचाच्या तपासणीतच कळतं.

ती सावरल्यावर आम्ही स्थानिक आरोग्य विभागाला कळवलं, तारीख, वेळ, पदार्थ, एवढंच. आरोप कुणावर केला नाही. पण त्याच रात्री तिथे आणखी कुणी आजारी पडलं असेल, तर दोन तक्रारी जुळल्या की स्वयंपाकघर तपासायला ठोस कारण मिळतं. एकट्या माणसाच्या तक्रारीचा उपयोग नाही असं समजून गप्प बसू नका.