ऊर्लरचे ध्वनिमुद्रण

ग्लासगोतील एका लहान स्टुडिओत मी ध्वनिमुद्रक म्हणून काम करतो. त्या दिवशी बॅगपाइपवरील एक शोकरचना मुद्रित करायची होती. मार्च, स्ट्रॅथस्पे, रील या हलक्या प्रकारांना गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत क्योल बेग म्हणतात. ही रचना मात्र क्योल मोर या भारदस्त परंपरेतली, म्हणजे बाहेरच्यांना पीब्रॉख या नावाने ठाऊक असलेल्या संगीतातली होती. वादक तरुण मुलगी होती आणि सोबत तिचे वृद्ध गुरू आले होते.

चँटरचा, म्हणजे चाल वाजवायच्या छिद्रांच्या नळीचा, आवाज वादकाच्या पुढ्यातून येतो आणि तिन्ही ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, खांद्यावरून वर उघडतात, त्यामुळे मायक्रोफोन बरेच लांब ठेवावे लागतात. खोलीच्या उबेने रीड, म्हणजे नळ्यांतल्या कंप पावणाऱ्या पात्या, बदलत राहिल्याने सूर जुळवण्यातच पुष्कळ वेळ गेला; ड्रोनचा सांधा केसभर सरकवायचा आणि दोन सुरांमधली थरथर विरते का ते ऐकायचे, असे तिचे चालले होते.

मग तिने ऊर्लर, म्हणजे पुढचे सगळे विस्तार जिच्यावर उभे राहतात ती मूळ चाल, वाजवली. छापील स्वरलिपीप्रमाणे एकही स्वर चुकला नव्हता, तरी गुरूंनी हात वर केला. पाइपला न शिवता ते कान्तरख, म्हणजे या वाद्याचे बोल, गाऊ लागले. तबल्याची पढंत ऐकत वाढलेल्या मला ते अगदी परके वाटले नाही. 'हिहारिन' झाले की ते पुढच्या स्वरावर असे रेंगाळत, की चाल मोडली असेच वाटावे.

माझे लक्ष लेव्हल मीटरकडे होते. तिच्या वादनात तो जवळजवळ हललाच नव्हता, कारण पिशवीवरचा दाब एकसारखा ठेवावा लागतो; स्वर हळू-जोरात करता येत नाही, मध्ये थांबताही येत नाही. भार दाखवायचा तो स्वराच्या लांबीने आणि मधल्या निमिषमात्र स्वरांनी. गुरूंच्या गळ्यातून मात्र तोच भार मीटरवर चढता-उतरता दिसत होता. पाइपवादक कॉलिन कॅम्पबेल यांनी १७९७ च्या सुमारास दीडशेहून अधिक रचना निव्वळ बोलांत का लिहून ठेवल्या असाव्यात, याचा मला तेव्हा अंदाज आला. पाच रेघांच्या स्वरलिपीने ही चाल नको तितकी सरळ केली, असे माझे मत आहे.

तिने बोल म्हणून पाहिले आणि पुन्हा वाजवले. टूरलुअ, क्रूनलुअ हे वेगवान विस्तार पूर्वीसारखेच झाले, ऊर्लर मात्र बरीच लांबली. गुरूंनी हीच प्रत ठेवायला सांगितली, आणि सीडीवर जागा करण्यासाठी दोन रील गाळावे लागले म्हणून निर्माता संध्याकाळपर्यंत कुरकुरत राहिला.