पॅरामीशियम संवर्धन: पेंढ्याच्या पाण्यापासून रिक्तिकेच्या ठोक्यापर्यंत

दिवस १. भाताचा पेंढा ५ ग्रॅम, बोटभर तुकडे करून अर्धा लिटर पाण्यात १० मिनिटं उकळला. नळाचं पाणी आधी २४ तास उघडं ठेवलेलं. क्लोरीन राहिला तर पुढचं सगळं वाया. गाळून रुंद तोंडाच्या बरणीत ओतलं, डासांसाठी वर मलमलचं फडकं.

दिवस ३. पाणी गढूळ, वर पातळ साय. जीवाणू वाढले, म्हणजे पॅरामीशियमच्या (गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव) जेवणाची सोय झाली. आता डबक्यातल्या कुजक्या पानांजवळचं ५० मिली पाणी घातलं.

दिवस १०. बरणी उजेडासमोर धरली की पृष्ठभागाखाली पांढरे कण, म्हणजेच पॅरामीशियम, फिरताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सडक्या अंड्याचा वास आला तर पेंढा जास्त झाला, ऑक्सिजन संपला, ओतून द्या.

काचपट्टीवर एक थेंब, त्यात कापसाचे चार-पाच धागे (नाहीतर नजरेत टिकत नाहीत), वर कव्हरस्लिप. सूक्ष्मदर्शकाखाली शोधायला १०० पट, बघायला ४०० पट.

खरी मजा संकोची रिक्तिकेत (पेशीतलं जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी). पेशीत अशा दोन. आधी ताऱ्याच्या किरणांसारख्या नळ्या भरतात, मग मधला गोल फुगतो आणि एका क्षणात मिटतो. बाहेरचं गोडं पाणी परासरणाने सतत आत शिरतं. ते उपसलं नाही तर पेशी फुगून फुटेल. दहा ठोके मोजून सरासरी घ्या. बहुधा १० ते २० सेकंदांना एक ठोका पडतो. मग ५०० मिली पाण्यात १ ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब एका कडेला सोडा, समोरच्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. ठोक्यांमधलं अंतर स्पष्ट वाढतं. थेंब सुकून पेशी चपटी झाली तरी ठोका मंदावतो, पण ती नोंद खोटी. म्हणून उरलेल्या दोन कडांना व्हॅसलीन लावा.

पचन बघण्यासाठी: यीस्ट ३ ग्रॅम, काँगो रेड (आम्लात रंग बदलणारा रंग) ३० मिलिग्रॅम, पाणी १० मिली, मंद आचेवर १० मिनिटं. हातमोजे हवेतच, हा रंग घातक आहे. टूथपिकच्या टोकाला लागेल एवढंच थेंबात मिसळा. जास्त झालं तर सगळं लालच दिसतं. काही मिनिटांत पेशीच्या आत लाल गोळ्या, म्हणजे गिळलेलं यीस्ट. आम्ल वाढलं की त्या जांभळ्या-निळ्या होतात (रंग सामू, म्हणजे pH, ५ ते ३ दरम्यान बदलतो), पुढे आम्ल उतरलं की परत लालसर. उरलेला चोथा तोंडाच्या खोबणीमागे, दर वेळी त्याच जागी बाहेर पडतो. तो टिपायचा तर धाग्यांत अडकलेली एकच पेशी धरून बसा.