तिकिटाबरोबर मिळालेली पिशवी

तिकिटाबरोबर काही फुकट मिळालं की माणूस खूश होतो, मग ती ओकारीची कागदी पिशवी का असेना. 1972 साली ‘मार्क ऑफ द डेव्हिल’ हा चेटकिणींच्या छळावरचा पश्चिम जर्मन सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा थेटरात प्रेक्षकाच्या हातात हीच पिशवी ठेवली जायची. विमानात पुढच्या सीटच्या खिशात असते, साधारण तशीच. हिंसेसाठी ‘व्ही’ दर्जा मिळालेला हा पहिला सिनेमा, अशी फुशारकी जाहिरातीत होती. असा दर्जा अमेरिकेत कुणी देतच नसे. वितरकाने तो स्वतःच स्वतःला देऊन टाकला होता. पोट ढवळण्याची हमी होती ती वेगळीच.

घाटातल्या एसटीत आईने पर्समधून पिशवी काढली की तोवर ठणठणीत असलेलं पोर अचानक पांढरंफटक पडतं, तसाच हा प्रकार. मळमळ पिशवीतून सुरू होते, वळणं नंतर येतात.

गंमत अशी की पन्नासहून जास्त वर्षं लोटली तरी या सिनेमाबद्दलची निम्मी मतं पिशवीबद्दलच असतात. ‘बाप रे, बघवत नाही’ म्हणणारा एक गट. ‘ह्यात एवढं काय आहे, यापेक्षा जास्त रक्त आता वेबसिरीजमध्ये असतं’ म्हणणारा दुसरा. भांडतात कडाकडा, पण दोघांची मोजपट्टी एकच: पिशवी भरली की नाही? दुसऱ्या गटाचं तसं चूक नाही. रक्त रंगाच्या डब्यातून काढल्यासारखं लालभडक आहे. सांडशीने जीभ उपटण्याचा तो कुप्रसिद्ध प्रसंग जवळून दिसतो, पण त्यातली करामत आज कुणाच्याही लक्षात येते.

मूळ जर्मन नावाचा अर्थ साधारण ‘रक्त निघेस्तोवर छळलेल्या चेटकिणी’ असा. 1970 सालचा सिनेमा, चित्रीकरण ऑस्ट्रियात, साल्झबुर्ग प्रांतातल्या माउटर्नडॉर्फला. जागा निवडली ती नुसती देखणी म्हणून असेल, पण त्या मुलुखाचा इतिहास सिनेमापेक्षा भयंकर आहे. जवळच्याच मोशामच्या गढीत चेटकाचे खरे खटले चालले. 1675 पासून पुढची पंधराएक वर्षं साल्झबुर्गमध्ये जी धरपकड झाली तिच्यात शंभरावर माणसं मारली गेली आणि त्यांत भीक मागून जगणारी, बेघर, कोवळ्या वयाची मुलं मोठ्या संख्येने होती. सिनेमात मात्र बळी म्हणून प्रामुख्याने तरुण सुंदर बायका दिसतात. निर्मात्याला कुठला इतिहास विकायचा होता ते इथेच कळतं.

‘शेवटी काही म्हणा, लाखो बायका जाळल्याच ना’ हे वाक्यही सिनेमा संपल्यावर हमखास ऐकू येतं. हा आकडा कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोक्ट नावाच्या जर्मन गृहस्थांनी क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या दप्तरातले खटले मोजले, त्यांना शतकांनी आणि युरोपच्या लोकसंख्येने गुणलं आणि उत्तर काढलं 94,42,994. शेवटच्या चारापर्यंत अचूक! त्रैराशिक बरोबर, गृहीत चूक. आजचे इतिहासकार साधारण चाळीस ते साठ हजार असा अंदाज देतात, आणि तोही पुरेसा भीषण आहे.

इंग्रजी नावातली ‘सैतानाची खूण’ म्हणजे अंगावरचा असा डाग, जिथे टोचलं तर दुखत नाही आणि रक्तही येत नाही, अशी त्या काळची समजूत. तीळ, चामखीळ, जुना व्रण, काहीही चालायचं. टोचणाऱ्याला हवी ती जागा सापडतेच, कारण शोधणाराही तोच आणि निकाल देणाराही तोच. 1584 सालीच रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज लेखकाने पोकळ मुठीची सुई चित्र काढून दाखवली होती: दाबली की टोक मुठीत शिरतं, बघणाऱ्याला वाटतं मांसात गेलं. त्याने ती दाखवली हातचलाखीच्या खेळातलं साधन म्हणून. इतरांनी तिचा आणखी काय उपयोग केला असेल, याची कल्पना आपल्याला करता येते.

सिनेमातला स्थानिक चेटकीणशोध्या आहे अल्बिनो. रेजी नाल्डर या नटाच्या चेहऱ्याचा खालचा भाग खरोखरच भाजलेला होता, त्याला मेकअपची फारशी गरजच नव्हती. हिचकॉकने 1956 सालच्या आपल्या सिनेमात त्याला मारेकऱ्याची भूमिका दिली होती ती उगाच नाही. त्याच्यावरचा अधिकारी लॉर्ड कंबरलंड, म्हणजे हर्बर्ट लोम. ‘पिंक पँथर’ या विनोदी सिनेमांमध्ये डोळा फडफडवत वेडा होत जाणारा पोलीस अधिकारी, तोच हा. आणि कंबरलंडचा निष्ठावंत शिष्य क्रिस्टियान झालेला उदो कीर तेव्हा पंचविशीत होता. चेहरा इतका देखणा की त्याच्याकडून अभिनयाची मागणी कुणी करत नाही.

सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग पिशवीच्या यादीत कधी नसतोच. अल्बिनो कंबरलंडच्या पुरुषत्वावर कुजकट शेरा मारतो आणि कंबरलंड त्याचा गळा आवळतो. हत्यार नाही, सांडशी नाही, नुसते दोन हात. शिष्याला ते दिसतं आणि त्याची श्रद्धा तिथेच ढासळते. दुसरी भीती कागदाची. एका तरुण जहागीरदाराचे हाल केले जातात, कारण त्याची मालमत्ता चर्चच्या नावे करून हवी आहे. सही कर, सुटशील. बाईला डाकीण ठरवलं की तिच्या जमिनीचं काय होतं हे ज्याने सातपुड्याच्या बाजूला ऐकलेलं असेल, त्याला हे परकं वाटणार नाही.

मग असा सिनेमा मधूनच बटबटीत का होतो? दोन डोकी, म्हणून. दिग्दर्शक मायकेल आर्मस्ट्राँग, पंचविशीतला इंग्रज. निर्माता आद्रियान होफेन, जर्मनीतला मुरलेला नट. दोघांचं पटलं नाही. एकाला सत्तेचा कुजकेपणा दाखवायचा होता, दुसऱ्याला तिकीटबारी दिसत होती. 1973 चा दुसरा भाग होफेनने स्वतःच दिग्दर्शित केला. तो पाहिला की पहिल्या भागात कुणाचं काय होतं ते आपोआप कळतं.

संगीतावरून तर कायमचा वाद. मिखाएल होल्म हा जर्मन हलक्याफुलक्या प्रेमगीतांचा गायक, आणि त्याची इथली धून एखाद्या प्रेमकथेला शोभेल अशी, तंतुवाद्यांवर लडिवाळपणे तरंगणारी. ‘विजोड आहे’ हे मत ऐकू येतं. पण विजोड आहे म्हणूनच ती मनाला लागते. चौकात माणसं जाळली जातायत, गर्दी जत्रेला आल्यासारखी जमलीय, तिथे ढणढणाट असता तर कान आधीच सावध झाले असते.

मत देण्याआधी एक तपासणी मात्र करावी: आपण पाहिला तो नक्की कुठला सिनेमा? पूर्ण प्रत साधारण 97 मिनिटांची. युरोपातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर तोच सिनेमा 93 मिनिटांत संपतो आणि ‘चार मिनिटं कापली’ अशी ओरड होते. कधी खरंच कापलेली असतात. ब्रिटनमध्ये या सिनेमावर पूर्वी बरीच कात्री चालली होती. पण बहुतेकदा कारण वेगाचं असतं. फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी चालते, तिथला टीव्ही 25 ने. सगळा सिनेमा चार टक्के घाईत पळतो. 97 ला 24 ने गुणा, 25 ने भागा, 93 मिनिटं येतात. आवाजही जवळजवळ पाऊण अर्धस्वराने वर चढतो, म्हणून लोमचा खर्ज पातळ लागतो आणि होल्मची धून आणखी गोड. तेव्हा नुसती लांबी बघून कापाकापी ठरवू नये, जीभ उपटण्याचा प्रसंग सलग आहे की मध्येच झटका देऊन उडी मारतो ते बघावं. ओठ आणि शब्द जुळत नाहीत ही तक्रार मात्र कुठल्याच प्रतीत मिटत नाही. नटमंडळी वेगवेगळ्या देशांची, आवाज नंतर चढवलेले. दहा मिनिटांत डोळे सरावतात.

त्या पिशव्यांचा आता संग्राहकांत बाजार भरतो. पिवळसर पडलेला कागद, वर ठळक अक्षरं. विकणारा वर्णनात एक गोष्ट आवर्जून लिहितो, कारण भाव तिच्यावरच ठरतो: ‘न वापरलेली’.