‘मला हरकत आहे’ : स्पितीत एका कागदासाठी नऊ दिवस

परत येऊन दोन हिवाळे झाले, तरी कुणी ‘कानामोला कसं होतं रे?’ असं विचारलं की डोळ्यांपुढे आधी येतं ते हिरव्या रेक्झिनचं टेबल, चहाच्या पत्र्याच्या डब्यात उभे करून ठेवलेले रबरी शिक्के आणि ‘साहब अभी नहीं हैं’. डोंगर त्यानंतर. वर तीन दिवस काढले, खाली परवानगीच्या कागदासाठी नऊ. त्याच प्रमाणात लिहितोय. चढाई वाचायला आलेल्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

कानामो हे हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावामागचं शिखर. सहा हजार मीटरला थोडंसंच कमी. उन्हाळ्यात बरेच जण करतात. दोर लागत नाही, सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून नुसती तंगडतोड. हिवाळ्यात तिकडे कुणी फिरकत नाही. त्या दिवसांत किब्बरला येतात ते हिमबिबट्या बघायला, आणि गावाच्या कडेला दुर्बिणी लावून बसतात. मी मनालीला गिर्यारोहणाचं बेसिक प्रशिक्षण केलेलं, उन्हाळ्यात दोनदा माथ्यावर जाऊन आलेलो. एकदा भर थंडीत एकट्याने जायचं, हे तिथपासून डोक्यात बसलेलं.

‘हिवाळी, एकट्याने’ हे शब्द मोठे आहेत याची कल्पना आहे मला. पोलंडच्या क्रिश्तॉफ विएलित्स्कीने 31 डिसेंबर 1988 ला एव्हरेस्टशेजारचं ल्होत्से शिखर एकट्याने गाठलं, तेही दुखावलेल्या पाठीला आधाराचा पट्टा बांधून. हिवाळ्यात त्या माथ्यावर पोचलेला तो पहिला माणूस. त्याच्यापुढे माझं म्हणजे सोसायटीच्या गच्चीवर जाणं. पण आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर, आणि किब्बरमधलं चहाचं दुकानच तिच्या अडीचपट उंचीवर आहे. नाशिकच्या माणसाला तेवढी गच्ची पुरते.

सिमल्यावरून रेकाँग पिओ, तिथून पहाटेच्या बसने स्पितीतलं मुख्य गाव काझा. रस्ता उघडा होता, फार लिहिण्यासारखं काही नाही. 2024 चा जानेवारी हिमाचलात विलक्षण कोरडा गेला. बर्फ पडलाच नाही जवळजवळ, शेतकरी हवालदिल होते आणि मी मनातल्या मनात खूश. कडक थंडी, निळं आकाश, घसाऱ्यावर जुन्या बर्फाचा कडक थर. यापेक्षा चांगली हवा मागूनही मिळाली नसती. हे वाक्य लक्षात ठेवा.

23 तारखेला, मंगळवारी, मी त्या कार्यालयात गेलो. कोणतं ते लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती आणि मला पुन्हा तिकडे जायचंय. अभयारण्याचा कागद दुसरीकडे अर्ध्या तासात झाला होता, त्यामुळे भलताच आत्मविश्वास. तंदूरजवळ बसलेल्या बाबूंनी फॉर्म दिला. (स्पितीत तंदूर म्हणजे खोलीत मधोमध ठेवलेली लोखंडी शेगडी. रोटीची वाट बघू नका.) फॉर्म मोहिमांसाठी बनवलेला. टीम लीडरचं नाव, उपनेत्याचं नाव, सदस्यसंख्या, रसोइया, पोर्टर. मी लीडरच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, बाकी ठिकाणी रेघा मारल्या. बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘खाली नहीं छोड़ सकते.’ मग उपनेता मीच, रसोइयाही मीच. त्यावर त्यांची काही तक्रार नव्हती.

गाडी अडली पुढच्या रकान्यावर : ‘आपातकालीन संचार का साधन’. किब्बरच्या वर मोबाइलची रेंज नाही. मी तसं लिहिलं. ‘सैटेलाइट फोन लिखिए, सब लिखते हैं.’ मी म्हटलं, दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ ठेवणं आपल्याकडे गुन्हा आहे, माझ्याकडे नाहीये. बाबू शांतपणे म्हणाले, ‘तो मत रखिए. लिख दीजिए.’

इथे मी चूक केली. वाद घातला. जी वस्तू बाळगली तर पोलीस धरतील, ती माझ्याकडे आहे असं सरकारी कागदावर सही करून मी का लिहू? माझा मुद्दा बरोबर होता, आजही आहे. पण बरोबर मुद्द्याने फाइल सर्वांत खाली जाते, हे चाळिशीतल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. शेवटी मी ‘सीटी और टॉर्च’ लिहिलं आणि तेच चाललं. (थट्टा नाही. डोंगरात मदतीची खूण ठरलेली आहे : मिनिटात सहा शिट्ट्या किंवा सहा उघडझाप, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकू कुणाला जाणार, हा वेगळा प्रश्न.)

बुधवारी नवीन निघालं. एकटे आहात, तर घरच्यांचं ‘अनापत्ति पत्र’ लागेल. पुढचे पाच दिवस ह्या शब्दाने खाल्ले. आपल्याकडे आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, दरड. तिकडे नुसती हरकत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरच्यांनी ‘आमच्याकडे कोणतीही आपत्ती आलेली नाही’ असं लिहून द्यायचंय.

आता खरी अडचण सांगतो, जी बाबूंना माहीत नव्हती. घरी मी ‘सहा जणांचा ग्रुप आहे’ असं सांगून निघालो होतो.

काझात एका भिंतीच्या आडोशाला बऱ्यापैकी रेंज येते. तिथे उभं राहून बायकोला फोन लावला. उणे चौदा असेल, फोन कानाला चिकटतोय की काय असं वाटत होतं. मी पत्राचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग : ‘सहा जण होते ना? बाकीचे पाच कुठे गेले? गोठले?’ मी काहीतरी बोललो. ‘तू आधी खरं बोल, मग मी लिहिते,’ म्हणून तिने फोन ठेवला. सगळं खरं सांगायला दुसऱ्या दिवशीचे दोन फोन लागले.

तसंही कार्यालय बंदच होतं. 25 जानेवारी हा हिमाचलचा पूर्ण राज्यत्व दिवस. 1971 साली याच तारखेला ते देशाचं अठरावं राज्य झालं. हे ज्ञान मला कुलूपबंद दारासमोर मिळालं. 26 तारीख सांगायलाच नको. झेंडावंदनाला गेलो, बुंदी खाल्ली. शनिवारी ‘साहब’ नव्हते, रविवारी रविवार. चारही दिवस आकाशात ढगाचा ठिपका नाही. मी रोज पेट्रोलपंपापर्यंत चालत जायचो. 3,740 मीटरवरचा, जगातला सर्वांत उंच म्हणून त्याची ख्याती आहे. पर्यटक तिथे फोटो काढतात. मी स्टोव्हसाठी दोन लिटर घेतलं.

हो, स्टोव्हवरून आठवलं. साधी गॅसची कुपी हिवाळ्यात नेऊ नका. ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशाला वायू होणं थांबवतो. कुपी भरलेली असते आणि चहा होत नाही. शिवाय ती ना विमानात नेता येते, ना रेल्वेत. पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह न्या, आणि बंद तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

सोमवारी, 29 तारखेला, बायकोच्या पत्राचा फोटो आला. झेरॉक्सच्या दुकानात वीज यायची वाट पाहिली, प्रिंट काढली आणि वाचली ती बाबूंच्या टेबलासमोर उभा राहून. अक्षर नेहमीसारखं सुरेख.

‘माझे पती हिवाळ्यात एकटे डोंगरावर जात आहेत. मला हरकत आहे. परंतु माझ्या हरकतीचा आजवर उपयोग झालेला नाही, म्हणून हे ना-हरकत पत्र देत आहे.’

लिपी देवनागरीच, त्यामुळे लपवायला काही जागाच नव्हती. बाबूंनी मोठ्याने वाचायला घेतलं. ‘ना-हरकत पत्र. कौन सी हरकत नहीं करेंगे?’ हिंदीत हरकत म्हणजे उचापत. मी म्हटलं, मराठीत हरकत म्हणजे आपत्ति, आणि लिहिलंय की कोई आपत्ति नहीं. बोट ओळीवरून सरकत मागे गेलं. ‘मला हरकत आहे. आहे मतलब है ना?’

मी गप्प. तंदूरशेजारचे दोघे चहा पिता पिता थांबले.

‘मैडम को तो आपत्ति है,’ बाबू म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच सहानुभूती होती, अर्थात मॅडमबद्दल.

दुसरं पत्र मंगळवारी आलं. मी सांगितलेला हिंदी मजकूर, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही, खाली आधारची प्रत. त्यासोबत काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी साहेब होते, पण शिक्क्यांच्या डब्यावर ज्यांचा ताबा ते रजेवर. डबा समोर दिसत होता. मी त्यातले शिक्के मोजले : अकरा. बुधवारी, 31 जानेवारीला दुपारी, अकरांपैकी एक माझ्या अर्जावर उमटला. शाई गोठलेली, म्हणून शिक्का आधी तंदूरवर शेकवला. कागद घेऊन बाहेर आलो आणि बाहीवर पहिली बर्फाची भुकटी पडली.

पुढचा आठवडा किब्बरच्या होमस्टेमध्ये खिडकीतून बर्फ बघण्यात गेला. थुक्पा (नूडल्सचं सूप), मिठाचा चहा, छतावरचं बर्फ फावड्याने खाली ढकलणं. नळ गोठलेले, पाणी डोक्यावरून. एक कबूल करायला जिवावर येतं : एवढ्या मुक्कामाने शरीर छान रुळलं. डोकेदुखी नाही, झोप चांगली. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये म्हणतात; माझी तर दोन आठवड्यांत वाढली ती काझा ते किब्बर एवढीच. उंचीच्या त्रासावरची गोळी, डायमॉक्स, सोबत होती, लागली नाही. तुम्ही डॉक्टरला विचारून घ्या.

बर्फ थांबल्यावर दोन दिवस जाऊ दिले आणि निघालो. ‘एकट्याने’मध्येही मेख आहे, सांगून टाकतो. वरच्या कुरणापर्यंत होमस्टेवाल्याचा धाकटा भाऊ सामान घेऊन आला. तंबू लावू लागला आणि माझ्याकडे बघत बघत परत गेला. तिसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी दिसलो नाही तर कुणाला सांगायचं, हे त्याच्या वहीत लिहून दिलं होतं. माझ्या मते ती वही कोणत्याही परवानगीपेक्षा कामाची.

रात्री तंबूत उणे चोवीस. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतं, मग सकाळी तोंड मोकळं मिळतं. बुटांचे आतले मोजे स्लीपिंग बॅगमध्ये, फोनही, टॉर्चचे सेलही. शेवटी बॅगेत मला जागा कमी.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. गुडघाभर भुसभुशीत बर्फ, खाली तोच ओळखीचा घसारा, पण आता दगड कुठे आहे ते पाय टाकल्यावर कळणार. उन्हाळ्यात तासात जिथे पोचायचो तिथे तीन तास गेले. ऊन आल्यावर पलीकडे चौ चौ कांग निल्दा झळकलं, 6,303 मीटर, एकदम कोरीव. बारा वाजता असू तिथून फिरायचं, असं ठरवलं होतं. साडेअकराला मनगटावरचं घड्याळ उंची 5,500 मीटरच्या थोडं वर दाखवत होतं आणि समोरचा उतार उभा होत चालला होता.

तिथे पाय टाकला आणि पायाखालून आवाज आला. व्हुंफ. एखाद्याने जाड गादीवर अंग टाकावं तसा. बर्फ बोटभर खाली बसलं आणि माझ्या डाव्या बुटापासून एक बारीक भेग सरळ वर पळत गेली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. बेसिकला सरांनी हे दहा वेळा सांगितलेलं : जुन्या कडक थरावर वाऱ्याने आणून बसवलेलं नवं बर्फ, खाली पकड नाही, तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार. हिमस्खलन ह्याच्यातूनच सुटतं. ते आवाज देऊन सांगतं तेव्हा ऐकायचं. मी आल्या पावलांवरच पाय ठेवत, श्वाससुद्धा जपून घेत, उलटा उतरलो. बारापर्यंतही थांबलो नाही.

त्या उतारावर 24 जानेवारीला हे नवं बर्फ नव्हतं. ही गोष्ट मी तंबूत पडून रात्रभर मोजली, बोटांवर, दोन दोन हातमोजे घालून. आजही मोजतो. आता कुणी जाणार असाल तर : घरच्यांचं पत्र हिंदीत घरूनच लिहून न्या, चार प्रती. ‘अनापत्ति’ शब्द घाला. जानेवारीचा शेवटचा आठवडा कार्यालयासाठी धरूच नका. रकाना रिकामा सोडू नका. वाद घालू नका. आणि घरी खरं सांगून निघा, निदान वेळ वाचतो.

परतीचा अहवाल द्यायला पुन्हा त्याच टेबलापाशी. ‘चोटी पर पहुँचे : हाँ / नहीं’. मी ‘नहीं’वर खूण केली. ‘सदस्य लौटे’ : 1. बाबूंनी ते दोनदा वाचलं, मान हलवली, शिक्का मारला, या वेळी तो डब्यात समोरच होता. मग फाइल सोडून पहिलं पत्र बाहेर काढलं. ‘ये रद्द वाला है, फाइल में नहीं लगेगा. ले जाइए.’

ते सध्या आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. मी लावलेलं नाही.