निरीक्षणाचा रकाना

आमच्या तुकडीत मी 'पोटाचा डॉक्टर' म्हणून ओळखला जातो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पहिल्या दहा मिनिटांतच कोणीतरी मला कोपऱ्यात ओढतो आणि ॲसिडिटीची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचारतो. (ओमेप्राझोलच्या जातीची असेल तर जेवणाआधी अर्धा तास. आता छापूनच दिलंय, पुन्हा विचारू नका.) पण मी आठवड्यातले काही दिवस दुर्बिणीतून रुग्णांची आतडी तपासतो आणि उरलेले दिवस त्याच आतड्यांचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे घेऊन प्रयोगशाळेत बसतो, असं सांगितलं की मंडळींचा चेहरा कोरा होतो. स्मरणिकेच्या संपादकांनी दोन पानं दिली आहेत, तेवढ्यात सांगून बघतो.

आमचे विज्ञानाचे सर प्रयोगवहीच्या बाबतीत फार कडक. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार मथळे सगळ्याच शाळांत असतात. सरांचा नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. निरीक्षण प्रयोग चालू असतानाच, पेनाने लिहायचं. अनुमान घरी जाऊन, पेन्सिलीने. लाळेमुळे पिष्टाचं पचन होतं, हा प्रयोग होता. पिठाच्या पातळ खळीत लाळ घालायची, थोड्या वेळाने आयोडीनचा थेंब टाकायचा. पिष्ट पचलं असेल तर निळा रंग येत नाही. शेजारच्या टेबलावरची परीक्षानळी गडद निळी झाली. पुस्तकातलं उत्तर पाठ असल्यामुळे त्या मुलांनी वहीत बिनदिक्कत 'रंग आला नाही' असं लिहिलं. सरांनी नळी उजेडात धरली, वही पाहिली आणि म्हणाले, "नळी खोटं बोलतेय का?" मग सगळा तास त्या निळ्या रंगाचं कारण शोधण्यात गेला. खळ कढत असतानाच त्यांनी लाळ घातली होती, त्या उष्णतेने लाळेतलं विकर निकामी झालं होतं. आमचा प्रयोग बरोबर आला होता, त्यामुळे आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला तेव्हा त्याचं वाईट वाटलं होतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात अभ्यासाशिवाय काही नाही. एमबीबीएस, मेडिसिनमधली एमडी, मग पोटविकारांतलं डीएम. वर्गमित्रांची मुलं शाळेत जायला लागली तरी मी परीक्षाच देत होतो. हे सगळं संपवून प्रयोगशाळेत शिरलो, तर तिथला सर्वांत वयस्कर आणि सर्वांत निरुपयोगी माणूस मीच. पिपेट धरायला मला एका विशीतल्या मुलीने शिकवलं.

तिथे मला नेलं ते एका जुन्या कोड्याने. तरुण रुग्ण येतो. महिनोन्महिने पोटदुखी, बारीक ताप, वजन उतरलेलं. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी केली की लहान आणि मोठं आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे व्रण दिसतात. हा आतड्याचा क्षय असू शकतो किंवा क्रोन्स, म्हणजे जंतूसंसर्ग नसताना आतड्याला दीर्घकाळ दाह होणारा आजार, असू शकतो. दोन्हींत आतडं अरुंद होतं, दोन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या तशाच गाठी दिसू शकतात आणि क्षयाचा जंतू तर बायोप्सीत, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्यात, अनेकदा सापडतच नाही. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी 1932 मध्ये क्रोन्स हा आजार वेगळा म्हणून मांडला; त्याआधी असे बरेच रुग्ण क्षयाच्याच खात्यात जात. कुठल्याही बाजूने चुकलं तरी किंमत रुग्णच मोजतो. क्षय असताना स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब अशी क्रोन्सची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर क्षय भडकतो. क्रोन्स असताना क्षयाची औषधं देत बसलं तर महिने वाया जातात आणि तोवर आतडं आणखी आखडतं.

क्षयाचं प्रमाण जिथे जास्त आहे तिथे यावर एक रीत पडली आहे. शंका असेल तर क्षयाची औषधं सुरू करायची, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहायचं आणि व्रण भरले की नाही यावरून निदान ठरवायचं. मीही तेच करतो. ओपीडीत समोर बसलेल्या माणसाला 'तुमचं अनुमान अजून कोरं आहे' असं सांगून घरी पाठवता येत नाही. संध्याकाळपर्यंत काहीतरी लिहून द्यावंच लागतं. प्रयोगशाळेत उलट. तिथे तो रकाना वर्षानुवर्षं मोकळा ठेवावा लागतो, आणि घाईने भरणारा माणूस धोक्याचा. एकाच माणसाने सोमवारी एक शिस्त पाळायची आणि बुधवारी दुसरी, हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड अंग आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की डॉक्टर म्हणूनही वाईट आणि संशोधक म्हणूनही वाईट.

पोटविकारांच्या इतिहासात अशी सरमिसळ भरपूर आहे. जठरातल्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, हे अनुमान इतकं पक्कं झालं होतं की निरीक्षणाला जागाच उरली नव्हती. 1954 मध्ये एका अमेरिकी डॉक्टरने हजाराहून जास्त बायोप्सी तपासून जठरात जिवाणू वस्तीला नसतात, असं जाहीर केलं. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला ते दिसले. बॅरी मार्शल त्यांच्या जोडीला आला, पण जिवाणू काही वाढेनात, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की काचेच्या बशा फेकून दिल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी उगवला. तरी जठराचा दाह आणि व्रण या जिवाणूमुळे होतात हे कोणी मानेना, तेव्हा मार्शलने 1984 मध्ये तो जिवाणू स्वतःच प्यायला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. (विद्यार्थ्यांनी अनुकरण करू नये.) 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या प्रकारच्या संशोधनाचं वर्णन सहसा 'प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत' असं केलं जातं. मला ते अर्धंच पटतं. इथे सुरुवात रुग्णाच्या बायोप्सीपासून झाली होती.

सरांच्या नळीची आठवण झाली ती जलसंजीवनीबद्दल वाचताना. आतडं ग्लुकोज शोषून घेतं तेव्हा त्याच्यासोबत सोडियमही आत ओढलं जातं, ही कल्पना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. कॉलऱ्यातही हा मार्ग शाबूत राहतो आणि सोडियमच्या मागोमाग पाणी येतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पण त्या पाण्याने जुलाब थांबत नाहीत, शरीरातली तूट फक्त भरून निघते. मग वेल्लोरच्या डॉक्टरांनी न पचणाऱ्या पिष्टाकडे पाहिलं. आयोडीनने निळं राहणारं हे पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू त्यापासून मेदाम्लं बनवतात आणि ती मेदाम्लं सोडियम व पाणी शोषायला मदत करतात. जलसंजीवनीत हे पिष्ट मिसळलं तर कॉलऱ्याचे जुलाब लवकर आटोक्यात येतात, असं त्यांनी 2000 मध्ये दाखवलं. आमच्या वर्गात जो प्रयोग फसला म्हणून हसं झालं होतं, त्या निळ्या रंगाचा असाही उपयोग होता.

सगळंच असं जुळून येत नाही. आयएल-17 या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणारं सेक्युकिनुमॅब हे औषध सोरायसिस या त्वचारोगावर उत्तम चालतं, म्हणून क्रोन्समध्येही चालेल असा तर्क होता. चाचणीत ते निरुपयोगी ठरलंच, शिवाय त्रासही वाढला. तोच रेणू आतड्याच्या अस्तराचं रक्षणही करत असावा, हे नंतर लक्षात येऊ लागलं. माझ्या मते हा निकाल एखाद्या यशस्वी औषधाइतकाच मोलाचा आहे, कारण औषध कंपनीने आणि डॉक्टरांनी तो दडवला नाही, छापला.

संशोधनासाठी जादा तुकडा घेण्याआधी संमतीपत्र वाचून दाखवावं लागतं. रुग्ण ऐकतात आणि हमखास विचारतात, "याचा मला काय फायदा?" खरं उत्तर 'बहुधा काहीच नाही' असं आहे, आणि मी तेच देतो. तरीही बहुतेक जण सही करतात. एका आजींनी अंगठा उठवता उठवता मलाच दटावलं, "मग नीट बघ म्हणजे झालं."

सध्या आम्ही क्षय आणि क्रोन्स या दोन्हींच्या बायोप्सींमध्ये कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद, ते मोजतो आहोत. पहिले आकडे फार देखणे आले, म्हणून सांख्यिकीवाल्या सहकारी बाईंनी ते बाजूला ठेवायला लावले आणि नव्या रुग्णांवर सगळं पुन्हा मोजायला सांगितलं. तेच काम चालू आहे. यंदाच्या नववी-दहावीतल्या कोणाला या वाटेने यायचं असेल तर जीवशास्त्राबरोबर गणितही धरून ठेवा. आमच्याकडे दुर्बीण चालवणारे पुष्कळ आहेत, आकडे तपासणारे कमी पडतात.