आमची वाटचाल : रंगवलेल्या चामड्यावरचा शेवटचा हात

हिरडा-बाभळीत कमावलेलं चामडं आणायचं, घरीच रंगवून पट्टे आणि पाकिटं करायची, असा कोल्हापुरात आमचा धंदा सुरू झाला. तक्रार एकच यायची: घामाने पट्ट्याचा रंग शर्टाला लागतो. महागडं सीलर, म्हणजे रंगावर द्यायचा संरक्षक थर, हा त्यावरचा इलाज नाही, हे नव्या कारागिराला आम्ही आधी सांगतो. रंग उतरतो तो बहुतेक वेळा चामड्यात न मुरता वर बसून राहिलेला.

म्हणून निम्मा वेळ पुसण्यात जातो. स्पिरिट डायचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या रंगाचे, दोन पातळ हात द्यायचे, दिवसभर सावलीत वाळवायचं. मग सुती फडक्याने घासत राहायचं, फडकं कोरं निघेपर्यंत. काळा, निळा आणि गर्द लाल फार छळतात. त्यावर नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं), एका पट्ट्याला चहाचा एक चमचा, रात्रभर मुरू द्यायचं. जास्त झालं तर पुढचा थर धरत नाही. खोबरेल नकोच, थंडीत गोठून वर पांढरट येतं.

मग पाण्यातलं अॅक्रिलिक फिनिश, म्हणजे रंग झाकणारा वरचा पारदर्शक थर, तितकंच पाणी घालून. बाटली घुसळली की फेस होतो आणि वाळल्यावर बारीक खड्डे दिसतात. पिळून घेतलेल्या स्पंजने एकाच दिशेने, एकदाच. त्याच जागी पुन्हा हात फिरवला की खालचा रंग ओढला जातो. तासाभराने दुसरा हात. पावसाळ्यात मात्र रात्रभर थांबा, नाहीतर थर दुधाळ राहतो. दोनाऐवजी एकच जाड हात दिला तर पट्टा बकलापाशी दुमडतो तिथे भेगा पडतात. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश स्पिरिट डायवर चालत नाही, रंग परत विरघळतो.

मेण सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर अॅक्रिलिक थेंबाथेंबाने गोळा होतं. वजनाने १ भाग मधमाशीचं मेण, ३ भाग तेल, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं. थेट गॅसवर कधीच नाही, भडका उडतो.

माल निघण्याआधी पांढरं फडकं दहा वेळा कोरडं, दहा वेळा ओलसर घासतो. ओलसर फडक्यावर छटा आली तर तो पट्टा थांबतो. आणि कमरेला टेकणारी आतली बाजू आम्ही आता रंगवतच नाही.