तुम्ही विचारलंत म्हणून: मोठं विमान बरं की छोटं?

मी केबिन क्रूमध्ये होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मोठं विमान बरं की छोटं? २२ वर्षं हे काम केलं. पहिली सहा वर्षं सत्तर आसनांच्या पंख्याच्या विमानावर, नंतर एका आयलच्या (आयल म्हणजे सीटांच्या मधली चालायची वाट) जेटवर आणि शेवटची बरीच वर्षं दोन आयलच्या मोठ्या विमानांवर. सगळ्यांच्या पोटात राहून झालंय, त्यामुळे उत्तर द्यायचा थोडा अधिकार मला आहे असं वाटतं.

विचारणाऱ्याला बहुतेकदा आरामाबद्दल जाणून घ्यायचं नसतं. भीती वाटत असते. मोठं म्हणजे भक्कम, छोटं म्हणजे नाजूक, असं मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणून आधी त्याबद्दल.

एकदा एक आजी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबल्या. विमान होतं एटीआर ७२, तेच सत्तर आसनांचं पंख्याचं. पंख्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, याला पंखा आहे. फार जुनं आहे का हे?" मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, की त्या पंख्यामागे जेटसारखंच टर्बाइन इंजिन आहे. जेट आपल्या इंजिनातून वेगाने हवा मागे फेकून पुढे जातं, इथे तीच ताकद पंखा फिरवायला लावलेली असते. जवळच्या अंतराला, कमी वेगात, यात इंधन बरंच कमी लागतं, म्हणून अशी विमानं आजही नवीन बांधली जातात. आजी चढल्या, खिडकीशी बसल्या. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन आडकाठीशिवाय दिसते. उतरेपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, नाक काचेला लावून बसल्या होत्या.

आता सुरक्षिततेचं. एअरबसचं ए३८० हे दोन मजली विमान प्रवाशांसाठी खुलं होण्याआधी, मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला त्याची रिकामं करण्याची चाचणी झाली. ८५३ प्रवासी, २० क्रू, अंधार, निम्मी दारं बंद, आणि कुठली दारं उघडतील हे आधी कुणाला सांगितलेलं नाही. सगळे ७८ सेकंदांत बाहेर आले. नियम ९० सेकंदांचा आहे, आणि तो सत्तर आसनांच्या विमानालाही तोच आहे. मोठ्याला जास्त वेळ मिळत नाही, छोट्याला काही माफ होत नाही. आम्हालाही प्रत्येक प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागे, दार उघडण्यापासून आग विझवण्यापर्यंत. आकारावरून सुरक्षितता मोजू नका, एवढं मी अगदी ठामपणे सांगते.

पण हादरे? ते छोट्यात जास्त जाणवतात, हे खरं आहे. याचं कारण मात्र नुसता आकार नाही. पंखाच्या दर चौरस मीटरवर किती वजन पेललं जातं, यावर बरंच अवलंबून असतं. हवेचा झोत खालून आला, की ज्या पंखावर भार कमी ते विमान जास्त उचललं जातं. पूर्ण भरलेल्या एटीआर ७२ मध्ये हा भार चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो येतो. एका आयलच्या एअरबस ए३२० जेटमध्ये सुमारे ६३५. आणि ५७५ टनांपर्यंत वजन घेऊन उडणाऱ्या ए३८० मध्ये? सुमारे ६८०. मला हे आकडे पहिल्यांदा कळले तेव्हा मी थक्क झाले होते. ज्याला लोक छोटं म्हणतात ते १८० प्रवाशांचं ए३२० या हिशेबात महाकाय विमानाच्या अगदी शेजारी बसतं.

तरीही मोठं विमान जास्त शांत वाटतं, कारण त्याचा लांबरुंद पसारा हवेतल्या बारीकसारीक झोतांना एकमेकांत जिरवून टाकतो आणि ते सहज डुलत नाही. शिवाय जेट ३५ ते ४० हजार फुटांवर, बऱ्याचशा ढगांच्या वरून जातं. एटीआरची मर्यादा २५ हजार फूट, म्हणजे ढगांमधून वाट काढणं आलंच. हादरे सोसत नसतील तर कुठल्याही विमानात पंखाजवळची जागा घ्या. सगळ्यात जास्त हेलकावे शेपटीकडे बसतात. आमच्या बसायच्या जागा नेमक्या तिथेही असत, त्यामुळे हे मी अंगानेच शिकले.

आरामाच्या बाबतीत तर मोठ्या विमानावर लोकांचा जो विश्वास आहे, तो मला फार खटकतो. बोइंग ७७७ १९९५ मध्ये सेवेत आलं, तेव्हा इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी एका रांगेत नऊ जण बसत. पुढे अनेक कंपन्यांनी तेवढ्याच रुंदीत दहावी सीट बसवली. विमानाचं पोट तेवढंच राहिलं, माणसाची सीट साधारण १७ इंचांवर आली. याउलट ए३२० मध्ये साधारण १८ इंच मिळतात. एम्ब्राएरच्या शंभरेक आसनांच्या जेटमध्ये दोन-दोन अशी मांडणी असते, मधली सीटच नाही. ए२२० या छोट्या जेटमध्ये एका बाजूला तीन सीट येतात, पण तिथे मधली सीट मुद्दाम सगळ्यांत रुंद, १९ इंचांची ठेवली आहे. मधे बसणाऱ्याचा कुणीतरी विचार केला याचं मला आजही बरं वाटतं. दहा जणांच्या रांगांमध्ये आयलही अरुंद होते. "ट्रॉली येतेय, कोपर जरा आत घ्या," हे वाक्य मी एका रात्रीत किती वेळा म्हटलं असेल!

आणि हवा. याबद्दल कुणी विचारत नाही, खरं तर आधी हेच विचारायला हवं. बहुतेक विमानांत आतल्या हवेचा दाब ८ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका विरळ होऊ शकतो. २०११ मध्ये सेवेत आलेलं बोइंग ७८७ आणि त्यानंतरचं एअरबसचं ए३५० यांचं धड मुख्यतः कार्बन फायबरचं आहे, ते जास्त दाब सोसतं, म्हणून तिथे ही पातळी ६ हजार फुटांच्या आसपास राखली जाते. हवाही थोडी ओलसर ठेवता येते. फरक मला घशात आणि पायांत कळायचा. जुन्या विमानातून उतरल्यावर बूट आवळायचे, ७८७ मधून उतरल्यावर कमी. गंमत म्हणजे ७८७ हे ७७७ पेक्षा लहान आहे.

मोठ्या विमानाची खरी किंमत मला रात्री कळली. दहा-बारा तासांच्या प्रवासात पाय मोकळे करायला एक फेरी मारता येते, एका आयलमध्ये ट्रॉली असली तरी दुसरी मोकळी असते, बाळाचा पाळणा अडकवायला भिंत असते. एकदा एका प्रवाशाला चक्कर आली, तेव्हा त्यांना गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, आडवं करून, पडदा ओढून, शांतपणे बघता आलं. छोट्या विमानात तेच करायचं म्हणजे सगळ्या डब्यादेखत, आयलमध्ये. आता एका आयलची विमानंही लांब पल्ल्याला जायला लागली आहेत. २०२४ मध्ये सेवेत आलेलं ए३२१ एक्सएलआर महासागर सहज ओलांडतं. शहरं थेट जोडली जातात, हे चांगलंच आहे. पण रात्रभर एकच आयल, स्वच्छतागृहासमोरची रांग आणि तिच्यातून जाणारी ट्रॉली, हे मला पटत नाही. प्रवाशांसाठीही नाही, क्रूसाठीही नाही.

प्रवाशांनी मात्र कौल दिलाय. ए३८० ची शांतता सगळ्यांना आवडली, मलाही. तरी २५१ विमानं बांधून झाल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचं दिलं गेलं. बोइंग ७४७ ची बांधणीही थांबली, शेवटचं जानेवारी २०२३ मध्ये दिलं गेलं. लोक तिकीट काढताना आधी दर बघतात, मग वेळ, मग थेट जातं का हे. दिवसातून एकदा सुटणाऱ्या पाचशे आसनांपेक्षा सकाळ, दुपार, संध्याकाळ सुटणारी दीड-दोनशे आसनं त्यांना सोयीची वाटतात, आणि ते रास्तच आहे. इंधनाच्या दृष्टीने चार इंजिनांपेक्षा दोन इंजिनं परवडतात, हेही त्यात आलंच.

मी स्वतः काय करते? तीन तासांपर्यंत छोटं. लवकर चढता येतं, लवकर उतरता येतं. एटीआर असेल तर मागची जागा घेते. पंख्याचा आवाज पुढच्या भागात जास्त असतो, आणि प्रवाशांचं दार मागे असल्याने उतरायलाही पहिला नंबर. रात्रीच्या लांबच्या प्रवासाला मोठं, त्यातही नवं. तिकीट काढण्याआधी एका रांगेत किती सीट आहेत ते मोजते. दहा दिसल्या तर दुसरं विमान शोधते.

आणि भीती वाटत असेल तर दारातच क्रूला सांगा, विमान कुठलंही असो. बऱ्याच देशांत नियमाने साधारण दर पन्नास आसनांमागे एक क्रू असतो, म्हणजे दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखंच. त्या सत्तर आसनांच्या विमानात आम्ही दोघीच असायचो आणि उतरेपर्यंत जवळजवळ प्रत्येक चेहरा ओळखीचा व्हायचा. मोठ्या विमानात मला माझ्या वाट्याच्या रांगाच दिसायच्या, पण तिथेही ज्यांनी दारात सांगितलं होतं, त्यांच्या सीटचा नंबर मी हातावर लिहून ठेवायचे.